जुन्या हॉर्नची पारख
1897 च्या सुमारास जर्मनीतल्या एरफुर्टमध्ये फ्रिट्झ क्रुस्पे यांनी एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन स्वरांचे हॉर्न एकात सामावणारा डबल फ्रेंच हॉर्न घडवला. त्याच धाटणीचा ‘8-डी’ हॉर्न अमेरिकेतल्या कॉन कंपनीने 1937 मध्ये आणला. कॉनच्या एल्खार्ट इथल्या कारखान्यातली ही जुनी वाद्यं त्यांच्या गडद, भरदार नादासाठी वादक आजही शोधतात. जुना हॉर्न घेताना आधी व्हॉल्व्ह तपासा. कळ न दाबता त्या व्हॉल्व्हची नळी बाहेर ओढा, क्षणभर थांबा, मग कळ दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. नाही आला, तर हवा गळत असणार. वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढा, व्हॉल्व्हला नियमित तेल द्या. आणि हॉर्न पेटीत बंद ठेवू नका, वाजवत राहा.