गुणांची स्वस्ताई



कामगारांच्या द्वारसभेत बोलणाऱ्या माणसाला आपण शिक्षणावर बोलायला उभे केलेत. मी सातवीत शाळा सोडली. तेव्हा शिक्षणशास्त्र मला विचारू नका. पण शाळेतून बाहेर पडलेली पोरे पुढे माझ्याकडे येतात, म्हणून थोडे सांगण्याचा अधिकार घेतो.

गेल्या दिवाळीनंतर लोणी काळभोरचाच एक मुलगा युनियनच्या कचेरीत आला. ठेकेदाराकडे कामाला. बोनसच्या हिशेबाला धरलेला पगार महिना १२,००० रुपये, वर्ष पुरे भरलेले, आणि हातात बोनस पडला ७,२००. मी विचारले, "कायद्याने किमान बोनस किती?" म्हणाला, "८.३३ टक्के." "मग तुझा किती व्हायला हवा?" पोरगा गप्प. दहावीला ८६ टक्के मिळवलेल्या मुलाला टक्का म्हणजे काय ते सांगता येईना! ८.३३ टक्के म्हणजे बारावा हिस्सा, वर्षाला एक पगार. ठेकेदाराने पाच टक्क्यांवर त्याची बोळवण केली होती. पूर्वी अशा कागदावर अंगठा असे, आता सही होती.

मुलगा मठ्ठ नव्हता. मग ते ८६ आले कुठून?

आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रे या विषयांतले शाळेने द्यायचे २० गुण काढून टाकले, आणि निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकाही बदलली होती, हे खरे. सगळा दोष त्या वीस गुणांचा नव्हे. पण ओरड झाली ती त्यांच्याचसाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये ते परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के झाला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता. २०२१ ला तर परीक्षाच नव्हती, निकाल ९९.९५. ते संकटाचे साल होते, ते सोडून देऊ. पण २०२५ चा निकालही ९४.१० टक्केच आहे.

आता या वीस गुणांची करामत पाहा. उत्तीर्ण व्हायला शंभरात ३५ लागतात. ज्या शाळेने शिकवले तीच शाळा हे गुण देते. तिने वीसपैकी १८ टाकले, की लेखी ८० पैकी १७ पुरतात. शिक्षकांना मी दोष देत नाही. शेजारची शाळा १९ देत असताना आपण १२ दिले, तर अकरावीच्या प्रवेशात आपलीच पोरे मागे पडायची. गुण परत आणतानाही हेच कारण पुढे होते, की केंद्रीय मंडळाच्या मुलांना मिळतात, आपल्यांनी काय पाप केले? एकेकट्या शाळेचे म्हणणे बरोबर आहे. सगळ्या शाळांनी तेच केले, की कोणाचाच फायदा उरत नाही.

आमच्या चळवळीत हे जुने दुखणे आहे. पगार वाढतो आणि त्याच्याबरोबर ज्वारीचा भावही वाढतो. कागदावरचा पगार वेगळा आणि खरा पगार वेगळा. म्हणून आम्ही महागाई भत्ता मागतो, निर्देशांक पाहतो. गुणांना निर्देशांक कुठे आहे? जवळपास तसे काम 'असर'ची पाहणी करते. २०२३ साली त्यांनी देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले. निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही.

कोणी म्हणेल, मग काय पोरे नापास करायची? मुळीच नाही. नापास होऊन शाळा सुटलेली पोरे मी जन्मभर पाहिली. त्यात बहुतेक आमचीच असतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवू नका म्हटले, आणि मुलाला काय समजते ते सतत तपासत राहा, असेही म्हटले. आपण पहिले वाक्य पाळले, कारण त्याला खर्च नव्हता. दुसऱ्याला शिक्षक लागतात, वेळ लागतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पण परीक्षेने उणीव कळते, भरून निघत नाही.

आणि या स्वस्ताईत मरतो कोण? ज्याच्या घरी पैसा आहे, त्याला गुणपत्रिकेचा भरवसा नाहीच. इंजिनियरिंगला सीईटी, डॉक्टरकीला नीट. त्यासाठी तो आठवीपासून क्लास लावतो. त्याचे खरे शिक्षण तिकडे विकत मिळते. ज्याच्या बापाने ८६ चा आकडा पाहून चौकात पेढे वाटले, त्याच्याजवळ त्या कागदाखेरीज काही नसते. नापासाचा शिक्का निदान दिसत तरी होता. इथे आपल्याला काय येत नाही, हे मुलाला कळते नोकरीत, ठेकेदारासमोर.

त्या मुलाला मी पाटी दिली नाही, त्याचाच पगाराचा कागद दिला. दोन संध्याकाळी बसलो. १४४,००० चे ८.३३ टक्के, ११,९९५. त्यातून ७,२०० गेले, राहिले ४,७९५. मग म्हटले, आता अर्ज लिही, मराठीतच लिही. पहिला अर्ज कोणालाच कळेना. दुसऱ्यात आकडे चुकले. तिसरा त्याने सोबतच्या चार जणांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी आपापले कागद खिशातून काढले.