घरी राहण्याचा आदेश : अर्थ आणि मर्यादा

साथीच्या रोगाच्या काळात शासनाकडून जे आदेश निघतात, त्यांत ‘नागरिकांनी घराबाहेर पडू नये’ या वाक्याइतके सोपे वाक्य क्वचितच आढळेल. अवघ्या चार शब्दांचे हे वाक्य अक्षरओळख असणाऱ्या कोणालाही कळते. तथापि २०२० सालच्या मार्च महिन्यात ते देशभर एकाच वेळी उच्चारले गेले, तेव्हा त्याचा नेमका अर्थ लावताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली. दूध घालणाऱ्याने पहाटे निघावे की नाही? आठवड्यातून दोनदा ज्याचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते, त्या रुग्णाने शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालय कसे गाठावे? शेतात गहू कापणीला आला आहे, त्याचे काय करावे? आणि ज्याचे घर हजार किलोमीटर दूर आहे व जो कारखान्याच्या आवारात पत्र्याच्या खोलीत झोपतो, त्याने नेमके कोणत्या घरी राहावे?

या प्रश्नांची उत्तरे त्या चार शब्दांत नव्हती. ती आदेशाच्या उरलेल्या मजकुरात होती, आणि काही तर तेथेही नव्हती. म्हणून असा आदेश कसा वाचावा, हा विषय दिसतो तितका रूक्ष नाही. आदेश हाती येताच वाचणाऱ्याने स्वतःला काही साधे प्रश्न विचारावयाचे असतात. तो कोणी काढला आणि कोणत्या अधिकाराने? कोणत्या क्षेत्रासाठी? कोणत्या माणसांसाठी? किती काळासाठी? त्याला अपवाद कोणते? आणि शेवटचा, बहुधा विसरला जाणारा प्रश्न असा की, घरात राहणाऱ्याच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणी करावयाची?

यांपैकी अधिकाराचा प्रश्न समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. मूळ अधिनियम केवळ चार कलमांचा होता. साथ पसरण्याचा धोका असल्यास आणि प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास सरकारने जनतेसाठी तात्पुरते नियम करावेत, ते मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढाच त्याचा आशय. नियम कोणते असावेत, त्यांची मर्यादा कोणती आणि नागरिकाचे हक्क कोणते, याविषयी त्यात जवळजवळ काहीच नव्हते.

या मौनाचा परिणाम पुणे शहराने त्याच वर्षी अनुभवला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी शोधावा, त्यास रुग्णालयात न्यावे, त्याच्या सान्निध्यात आलेल्यांना छावणीत ठेवावे आणि घर धुऊन काढावे, असा क्रम होता. स्वयंपाकघरात व देवघरात बूट घालून शिरणारे शिपाई, स्त्रियांची उघड्यावर होणारी तपासणी आणि सामानसुमानाची नासधूस यांमुळे लोकांना रोगापेक्षा उपायांचेच भय वाटू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च रोजी प्लेगने अंत झाला होता, हेही येथे स्मरणात ठेवावयास हवे. साथीशी लढणारे हात केवळ सरकारचेच नव्हते. पुढे १९०० च्या एप्रिलमध्ये कानपूर येथेही प्लेगच्या छावणीवरून दंगल उसळली.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १८९७ मध्ये सरकार माणसांना घराबाहेर काढीत होते, तर २०२० मध्ये तेच अधिकारपद माणसांना घराबाहेर पडू नका असे बजावीत होते. आणि दोन्ही वेळा आधार मात्र त्याच जुन्या अधिनियमाचाही घेतला गेला. म्हणजे घरी राहावे की घर सोडावे हे मूळ कायदा सांगत नाही. ते सांगतो स्थानिक आदेश. म्हणूनच कायद्याचे नाव माहीत असणे पुरेसे नसते. आदेशाचा कागद वाचावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत ठेवला. बंदरांतील संसर्गरोध केंद्राकडे दिला, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देण्याचा विषय समवर्ती सूचीत घातला. त्यानंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आला. त्यान्वये राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी असतात. तिसरा आधार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाचा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाने घेतली आहे. जमावबंदी व संचारबंदी हे दोन्ही आदेश याच कलमाखाली निघतात, परंतु ते एक नव्हेत. जमावबंदीत एकत्र जमण्यास मनाई असते, तर संचारबंदीत एकट्याने हिंडण्यासही असते. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. राज्य शासनाने मुदत वाढविल्यास ती आणखी सहा महिन्यांपर्यंतच वाढते.

आवाहन आणि आदेश यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. २२ मार्च २०२० रोजी देशाने जो ‘जनता कर्फ्यू’ पाळला, ते पंतप्रधानांनी केलेले आवाहन होते. ते न पाळणे हा त्यामुळेच गुन्हा ठरत नव्हता. त्यानंतर २४ मार्चला निघालेला आणि २५ मार्चपासून २१ दिवसांसाठी लागू झालेला टाळेबंदीचा हुकूम मात्र आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखालील आदेश होता, आणि तो मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद होती.

या आदेशातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे अपवादांची यादी होय. शिधावाटप दुकाने, किराणा, फळे व भाजीपाला, दूध, मांस-मासळी, पशुखाद्य, बँका, पेट्रोलपंप, वर्तमानपत्रे आणि रुग्णालये बंदीतून वगळलेली होती. अंत्यविधीस वीसपर्यंत माणसांना परवानगी होती. शेतीच्या कामांचा स्पष्ट समावेश मात्र पहिल्या कागदात नव्हता. तो २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने झाला. ज्या शेतकऱ्याच्या हाती पहिलाच कागद पडला, त्याने उभे पीक तसेच ठेवले असते. ज्याला पुरवणी कळली, त्याला कापणी करता आली. आदेशावरील तारीख हा त्याचा अविभाज्य भाग आहे, याचा याहून स्पष्ट दाखला देण्याची आवश्यकता नाही.

केंद्र, राज्य आणि जिल्हा अशा तिघांचे आदेश एकाच वेळी लागू असल्यास कोणता मानावा? २०२० च्या टाळेबंदीत सूत्र असे होते की, केंद्राने घातलेले निर्बंध राज्यांनी अधिक कडक करावेत, परंतु सैल करू नयेत. मेच्या आरंभी देशातील जिल्ह्यांची वर्गवारी झाली, तेव्हा १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे ठरले. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जिल्हे असतील, तर एका बाजूचे केशकर्तनालय उघडे आणि दुसऱ्या बाजूचे बंद, असे दृश्य संभवत होते. पुढे १ सप्टेंबरपासून हे सूत्र पालटले. प्रतिबंधित क्षेत्राबाहेर केंद्राशी विचारविनिमय केल्याशिवाय राज्यांनी स्थानिक टाळेबंदी लावू नये, असे ठरले. आरंभी शिथिलतेवर मर्यादा होती, नंतर कडकपणावरही आली.

क्षेत्राची मर्यादा किती बारकाईने आखता येते, हे केरळच्या कोझिकोडे जिल्ह्याने दाखविले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे निपाह विषाणूचा उद्रेक झाला. सहा जणांना बाधा झाली. त्यांपैकी दोघे दगावले. या रोगात मृत्यूचे प्रमाण भयावह असते. २०१८ साली याच भागात निश्चित निदान झालेल्या अठरा रुग्णांपैकी सोळा दगावले होते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी संपूर्ण जिल्हा बंद केला नाही. काही ग्रामपंचायतींतील निवडक प्रभाग तेवढे प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे जीवनावश्यक वस्तूंची दुकाने सकाळी ७ ते सायंकाळी ५ उघडी होती. औषधालये व आरोग्यकेंद्रे यांना वेळेचे बंधन नव्हते. आणि त्या भागातून जाणाऱ्या वाहनांनी वाटेत थांबू नये, अशी आज्ञा होती. असा आदेश वाचणाऱ्यास आपला प्रभाग क्रमांक ठाऊक असला पाहिजे. एरवी मतदानाच्या दिवशीच आठवणारा हा क्रमांक साथीत घराच्या पत्त्याइतका मोलाचा ठरतो.

‘घरी राहा’ हे शब्द तीन निरनिराळ्या माणसांना उद्देशून येतात आणि प्रत्येकासाठी त्यांचा अर्थ वेगळा असतो. निरोगी, संपर्कात न आलेल्या माणसाला ते सांगतात की, विनाकारण हिंडू नये. तो भाजी आणावयास जाऊ शकतो. रुग्णाच्या सान्निध्यात आलेल्या, पण लक्षणे नसलेल्या माणसाला ते सांगतात की, ठरलेल्या दिवसांपर्यंत कोणाच्याही संपर्कात येऊ नये; त्याने भाजीलाही जाता कामा नये. प्रत्यक्ष रुग्णाला ते सांगतात की, घरातील इतर माणसांपासूनही वेगळ्या खोलीत राहावे. हे दिवस मनास येतील तसे ठरत नाहीत. रोगबीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ लागतो, त्यावरून ते ठरतात. म्हणून कोविडसाठी आरंभी चौदा दिवस सांगितले गेले, तर केरळमध्ये निपाहच्या संपर्कातील व्यक्तींसाठी एकवीस. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर जो शिक्का मारला जाई, त्यावर अखेरची तारीख असे. पुष्कळांना तो कलंक वाटला. वस्तुतः त्यातील तारीख ही त्या माणसाची सोय होती. तिच्यामुळे बंधनाला शेवट होता.

आता शेवटचा प्रश्न. आदेशात ‘घर’ हा शब्द येतो, तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात चार भिंती, नळ, शौचालय आणि महिन्याचा शिधा असलेली वास्तू असते. मुंबईच्या धारावीत दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या परिसरात लाखो माणसे राहतात आणि बहुसंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत. तेथे घराबाहेर न पडणे ही गोष्ट एक दिवसही शक्य नव्हती. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला. त्यानंतर महानगरपालिकेने संपर्कातील माणसांना शाळा व क्रीडासंकुले यांत हलविले, त्यांच्या जेवणाची व तपासणीची सोय केली. नियम वस्तुस्थितीला जुळवून घेण्यात आला, म्हणून तो पाळला गेला.

जेथे असे घडले नाही, तेथे माणसे चालू लागली. टाळेबंदीची घोषणा रात्री आठला झाली आणि अंमल मध्यरात्रीपासून सुरू झाला. मधल्या चार तासांत रोजंदारीवरच्या माणसाला ना मजुरी गाठता आली, ना गाडी. मजुरांना निवारा द्यावा, त्यांची मजुरी कापू नये व एक महिना घरभाडे मागू नये, असा आदेश २९ मार्चला निघाला खरा. परंतु तोवर लक्षावधी पावले रस्त्याला लागली होती. मजुरांसाठी विशेष रेल्वेगाड्या १ मेपासून सुटू लागल्या. ८ मेच्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ मालगाडीखाली सापडून मरण पावले. गाड्या बंद आहेत, अशा समजुतीने ते थकून रुळांवरच झोपले होते. त्यांनी नियम मोडला असे कोणी म्हणू शकेल. परंतु ते घरीच निघाले होते.

नियमभंगाच्या शिक्षेबद्दलही थोडे सांगणे अगत्याचे आहे. लोकसेवकाचा कायदेशीर आदेश मोडणे हा त्या काळी भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली गुन्हा होता. आज तो भारतीय न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाखाली येतो. न्यायालयाने त्याची दखल घेण्यासाठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते आणि शिक्षा न्यायालयच देते. रस्त्यात उठाबशा काढावयास लावणे किंवा पाठीवर काठी मारणे ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. नागरिकाने आदेश वाचणे जितके आवश्यक, तितकेच तो अमलात आणणाऱ्या शिपायानेही वाचणे आवश्यक आहे.

२०२० मध्ये १८९७ च्या अधिनियमात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस कडक शिक्षा ठरविण्यात आली, ती योग्यच होती. परंतु घरात राहावयास सांगितलेल्या माणसाचे हक्क त्यात आले नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत विधि आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील उणिवा दाखवून व्यापक बदल सुचविले आहेत. ते होतील तेव्हा होवोत. तोपर्यंत ग्रामपंचायतीने वा नगरपालिकेने करण्याजोगे काम फार मोठे नाही. आदेश लोकांच्या भाषेत असावा. त्यावर काढणाऱ्याचे पद, लागू होणारे प्रभाग, आरंभाची व अखेरची तारीख आणि अपवाद ठळक अक्षरांत असावेत. आणि खाली, शिक्षेच्या कलमाच्या आधी, शिधा व औषध कोठे मिळेल आणि अडचणीत कोणाला बोलवावे, हे लिहिलेले असावे. असा कागद दारावर लागला, तर घरातील मनुष्य तो वाचील, आणि बहुतेक वेळा पाळीलही.