सावलीतला भुईचाफा

होस्टा या पूर्व आशियाई सावलीप्रिय झाडाच्या पांढऱ्या कडांच्या ठेंगण्या वाणांनाही दरवर्षी कित्येक आठवड्यांची कडक थंडीतली सुप्तावस्था लागते. रत्नागिरीच्या दमट किनाऱ्यावर ती मिळत नसल्याने, त्यांचा हट्ट धरण्यापेक्षा कोकणाच्या परिचयाचा भुईचाफा लावणे केव्हाही श्रेयस्कर ठरते. हळदीच्या कुळातील या कंदवर्गीय झाडाची पाने वरून गडद-फिकट हिरव्या नक्षीची आणि खालून जांभळट असतात. त्याची विश्रांती कोरड्या ऋतूत होते: पावसाळ्यानंतर पाने सुकतात, कंद जमिनीत निजतो आणि उन्हाळ्यात, पानांच्याही आधी, मातीतून थेट पांढरी-जांभळी सुवासिक फुले उमलतात, हे दृश्य खरोखर विलक्षण असते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात कंद कुजण्याचा धोका मोठा असल्याने, जांभ्याचे, म्हणजे लोहयुक्त सच्छिद्र तांबड्या दगडाचे, बारीक तुकडे आणि पालापाचोळ्याचे खत घातलेल्या उंचवट्यावर, आंब्याच्या विरळ सावलीत तो लावावा. पाने गळल्यावर पाणी तोडावे. लिनिअसने १७५३ मध्ये भुईचाफ्याच्या प्रजातीला ज्याच्या नावावरून केम्फेरिया म्हटले, त्या एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्यानेच जपानी होस्टाचे वर्णन १७१२ मध्ये युरोपात छापले होते.