खाणावळवाली आजी



आज आठवण काढू या मुंबईच्या गिरणगावातल्या आजीची.
लालबाग-परळच्या कितीतरी घरांत ती होती.

कोकणात, नाहीतर घाटावर वाढलेली.
लावणी-कापणी करता करता मोठी झालेली.
लग्न झालं... आणि गिरणी कामगाराच्या मागोमाग ती मुंबईला आली.
चाळीतली एक खोली. तोच संसार.

एका पगारात भागेना.
मग तिने खाणावळ सुरू केली.

बहुतेक कामगारांची बायकामुलं गावी.
त्यांना जेवू घालायची ही.
गिरणीच्या पाळ्या तीन... म्हणजे तिची झोपही तुकड्यातुकड्यांची.
घाटावरच्याला भाकरी लागे. कोकणातल्याला भात.
तिला सगळ्यांच्या सवयी पाठ!

पैसे मिळत महिन्याच्या शेवटी.
तोवर वाण्याची उधारी. सावकाराचं व्याज.
कधी अंगावरचं डोरलंही गहाण.
या हिशेबाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

1975 साली कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणलं.
अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.
बायका एकमेकींना जामीन राहिल्या... आणि बँकेचं कर्ज मिळू लागलं.

1982च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला.
कामगारांचे पगार थांबले.
तरी अनेकींनी उधारीवर ताटं वाढली.

श्रोतेहो, एवढंच सांगते...
गिरणगाव जेवलं, ते या आजीच्या हातचं.

तुमच्या घरी अशी आजी असेल, तर आज तिच्याजवळ बसा.
पंगतीला कोण कोण असायचं, ते विचारा.
आणि तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.