नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

(अहिल्यानगर जिल्ह्यातील पक्ष-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्या जिल्हा अधिवेशनापुढे यावयाच्या एका ठरावाच्या मसुद्यात ‘तृतीयपंथी व तत्सम व्यक्ती’ असे शब्द आहेत. ठरावामागील हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ‘तत्सम’ या शब्दापाशी मी अडलो. कोणी म्हणेल, दुष्काळ, बेकारी, ऊसतोड असे प्रश्न समोर असताना हा शब्दांचा काथ्याकूट कशासाठी? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे की, वर्गवारी ही वाटपाची पहिली पायरी असते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या वाट्याला काही येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत माणसे मोजली जात नाहीत, ‘कोयते’ मोजले जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीला. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. ज्या तरुणाची ओढ स्त्रीकडे नाही, किंवा मुलगी म्हणून जन्मलेली जी व्यक्ती स्वतःला पुरुष मानते, तिला या हिशेबात पुरी जागा नाही. मनाविरुद्ध लग्न करा, नाहीतर अर्धे राहा, एवढेच पर्याय तिच्यापुढे उरतात. हा प्रश्न शहरांतील सुखवस्तू लोकांचा आहे, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नावाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1871 च्या ज्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. 1952 साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि पारध्यांसारख्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. 1938 साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध करून सभात्याग केला. शब्द सद्भावनेने दिलेला होता. पण ज्यांना तो दिला, त्यांना तो मान्य नव्हता. उलट दलित पँथरने 1973 च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दाखाली अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, भूमिहीन, गरीब शेतकरी, कामगार आणि स्त्रिया या सर्वांना घेतले. ते सामायिक नाव पीडितांनी स्वतः घडविले, म्हणून त्यात बळ आले. नामांतराच्या लढ्याचा इतिहास जाणणाऱ्या कार्यकर्त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलण्याची परंपराही आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर 1934 साली जो खटला झाला, तो वाचकांच्या हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण बाजू कोणती घ्यायची, हे तेव्हाच ठरले होते.

आता आपल्यापुढील शब्द तपासू. ‘तृतीयपंथी’ हा शब्द रस्त्यावरच्या शिव्यांहून निश्चित सभ्य आहे. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. परंतु या शब्दात समलिंगी स्त्री-पुरुष येत नाहीत, आणि मुलगी म्हणून जन्मलेला पुरुषही सहसा त्यात धरला जात नाही. ‘उभयलिंगी’ हा शब्द तर अधिकच घोटाळ्याचा. वनस्पतिशास्त्राच्या तासाला जास्वंदीचे फूल उभयलिंगी. दोन्हींकडे ओढ असणारी व्यक्तीही उभयलिंगी. आणि शरीररचनेतच दोहोंची लक्षणे घेऊन जन्मलेले मूलही उभयलिंगी! एका शब्दाने तीन ठिकाणी काम केले, तर एकही काम धड होत नाही. इंग्रजी आद्याक्षरांची ‘एलजीबीटीक्यू’ ही जुळणी त्या चळवळीने स्वतः स्वीकारली आहे, हा तिचा मोठा गुण; पण गावच्या सभेत तिची फोड करून सांगावी लागते.

राहिला ‘लैंगिक अल्पसंख्य’. तो व्यापक आहे, समजण्यास सोपा आहे. धोका एवढाच की, हक्क संख्येवर अवलंबून आहे असे वाटू लागते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 कायम ठेवताना या लोकांची संख्या नगण्य असल्याचाही उल्लेख केला होता. 2018 च्या घटनापीठाने ती भूमिका नाकारली. ही दुरुस्ती मनात ठेवूनच हा शब्द वापरला पाहिजे.

‘तत्सम’ आणि ‘इतर’ यांविषयीही सांगतो. 2011 च्या जनगणनेत पुरुष व स्त्री यांखेरीज ‘इतर’ असा पर्याय होता. देशात सुमारे 4 लाख 88 हजारांची नोंद त्यात झाली. 1969 च्या माथाडी कायद्याच्या नावातही ‘इतर’ आहे: माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार. तेथे आधी दोन नावे स्पष्ट घेतली आणि मग मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले. जनगणनेतील ‘इतर’मध्ये एकाचेही नाव नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी: ठरावात समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी, आंतरलिंगी, तृतीयपंथी व जोगते ही नावे स्पष्ट घ्यावीत आणि शेवटी ‘यांसह सर्व लैंगिक अल्पसंख्य’ असे म्हणावे. 2019 च्या कायद्याने ‘जोगता’ या आपल्याकडील शब्दाची नोंद घेतली. आपण ती विसरू नये. व्यक्तीशी बोलताना मात्र ती स्वतःला जे म्हणविते तेच म्हणावे. ती ‘आलो’ म्हणत असेल तर आपण ‘आली’ म्हणू नये.

एक कबुलीही दिली पाहिजे. मी कित्येक वर्षे लोकसंख्येचे कोष्टक फळ्यावर दोनच रकान्यांत मांडले. निवृत्तीनंतर एक जुना विद्यार्थी भेटला व म्हणाला, ‘सर, मी तीन वर्षे तुमच्या वर्गात बसलो, पण तुमच्या कोष्टकात कधी बसलो नाही.’ मला उत्तर सुचले नाही.

हा मसुदा तयार होताना या लोकांपैकी कोणी आपल्या बैठकीत होते काय? मी चौकशी केली, कोणीही नव्हते. तेव्हा माझी सूचनाही अंतिम समजू नका. ठराव एक महिना थांबवावा, त्यांना सन्मानाने बोलवावे आणि मसुदा त्यांच्यापुढे ठेवावा. त्यांनी माझे शब्द खोडले, तर ते खोडलेलेच राहू द्यावेत.