मागचं दार मोकळं



उन्हाळ्यात आमचा गट एका खोलीत पापड-कुरडया करतो. दोन शेगड्या, दहा-बारा बाया आणि दोन दारं. नियम एकच: मागच्या दारापुढे काही ठेवायचं नाही. एके दिवशी वळवाचा पाऊस आला. बाहेरची पोती आम्ही भराभर आत घेतली आणि नेमकी त्याच दाराशी रचली. एक ताई म्हणाली, "पोती हलवा." दुसरी म्हणाली, "अगं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. आपल्याला काय कळत नाही का?"

खरंच, कळतं तर सगळ्यांनाच. मग नियम कशाला?

याचं उत्तर शोधायला आम्हा उरवड्याच्या बायांना लांब जावं लागत नाही. ७ जून २०२१, सोमवार. पाणी शुद्ध करायचं रसायन बनवणाऱ्या इथल्या कारखान्याला दुपारी आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत १५ बाया. आत शिरायला जेसीबीनं भिंत फोडावी लागली. घर, पोरं, शेत सांभाळून कामावर जाणारी बाई काही बिनअकलेची नसते. पण "इथं मला धोका वाटतो" असं ती बोलली, तर तिचं ऐकणार कोण? "उद्यापासून येऊ नको," असं म्हटलं तर? चूल त्याच पगारावर पेटते.

म्हणून नुसती अक्कल पुरत नाही, तिच्या पाठीशी नियम लागतो. १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक काम चालणाऱ्या कारखान्यात जिवाला धोका वाटला, तर कामगारांना थेट किंवा सुरक्षा समितीतल्या आपल्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाला सांगण्याचा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क मिळाला. म्हणजे कामगाराला जे कळतं, त्याला कायद्यानंच जागा दिली.

पण कागदावरचा नियम आपणहून दार उघडत नाही. तो पाळायला माणसंच लागतात.

त्या दिवशी आम्ही पोती हलवली. दोन पोती पापड भिजले. ते नुकसान बोलणाऱ्या ताईच्या माथी मारलं नाही, सगळ्यांनी वाटून घेतलं. नाहीतर पुढच्या वेळी कोण बोललं असतं?

आता आमचं असं ठरलंय. दाराच्या बाबतीत चर्चा नाही, सवलत नाही, अगदी अध्यक्षताईंनाही नाही. बाकी ठिकाणी जिला धोका दिसेल, तिनं "गॅस बंद" म्हणायचं, मग ती कालच गटात आलेली का असेना. आधी गॅस बंद करायचा, कारण नंतर विचारायचं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं करा. आपण काम करतो त्या जागेचं मागचं दार उघडून बघा. तुमच्यातली जी कारखान्यात जाते, तिला विचारा, "बाई, तुझ्या इथलं दार कुठं आहे?"