नाडीबरोबर मनही तपासावे



चाळिशीची एक गृहिणी घराजवळच्या डॉक्टरांकडे येते. अंग दुखते, पित्त होते, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. शक्तीचे इंजेक्शन आणि झोपेची गोळी घेऊन ती परतते. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. सर्व तपासण्या निर्दोष! 'तुम्हाला काही झालेले नाही' हे डॉक्टरांचे वाक्य मग घरातील मंडळीही उच्चारू लागतात. वास्तविक तिला नैराश्याने ग्रासलेले असते. झोपेच्या गोळीची सवय जडते. आजार मात्र तसाच राहतो.

'लोक काय म्हणतील' या धास्तीने मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढणारे थोडेच. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी तरी नैराश्याने गाठल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. म्हणूनच कुटुंबाच्या डॉक्टरांचे दायित्व मोठे आहे.

निदानाचा आरंभ दोन साध्या प्रश्नांनी होतो. गेले दोन आठवडे मन सतत उदास आहे काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस आटला आहे काय? उत्तर होकारार्थी आल्यास भूक, झोप, थकवा, अपराधीपणा यांची चौकशी करावी. थायरॉईडचा विकार व रक्तक्षय तपासावा. जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उलट रुग्णाला मोकळे होता येते.

नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशन, नियमित दिनक्रम व व्यायाम यांनी पुष्कळ साधते. अधिक असेल तर फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे उपयोगी पडतात. त्यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी न सांगितल्यास रुग्ण आठवड्यातच गोळ्या सोडतो. बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करावे लागते. आत्महत्येचे विचार, भास, अन्नत्याग किंवा पूर्वी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील, तर विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक.

गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या पुढाकाराने झालेला एक प्रयोग २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांची जोड मिळताच शासकीय आरोग्य केंद्रांतील नैराश्य व चिंता यांचे रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र या जोडीने विशेष फरक पडला नाही, कारण तेथे बरे होण्याचे प्रमाण मुळातच चांगले होते. ओळखीच्या डॉक्टरांनी आपुलकीने दिलेला वेळ किती मोलाचा असतो, याकडे हा अनुभव निर्देश करतो.

उरलेले काम घराचे. 'मन खंबीर कर' हा उपदेश आजाऱ्याला अधिकच एकाकी करतो. त्यापेक्षा त्याच्यासोबत दवाखान्यात जावे, गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्यात, शांतपणे ऐकावे. अडचणीच्या वेळी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे. मधुमेहाची गोळी घेताना कोणी लाजत नाही. मनाच्या औषधाचीही लाज वाटू नये, एवढे तरी प्रत्येक घराने मनावर घ्यावे.